सात देशांचा करार आणि आमचं तीन खोल्यांचं ऑफिस

बालकल्याणाच्या सरकारी ऑफिसात अठरा वर्षं काढली की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. ॲसिडिटी आणि किस्से! ॲसिडिटीवर गोळी मिळते. किश्श्यांचं काय करायचं? कुणाच्या बारशाला भेटले की मैत्रिणी म्हणतात, "सांग गं तुझ्या ऑफिसातलं." मी एक सांगायला घेते, तर त्याचा पदर धरून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. सगळ्या पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू का, ज्या वेळी हे घडत होतं त्या वेळी मी डोकं धरून बसलेली होते!

आमचं ऑफिस लातूरला. तीन खोल्या, दोन कपाटं, एक फिरताना कण्हणारा पंखा. माणसं मोजकी. बिराजदार साहेब आमचे प्रमुख. माणूस सज्जन, पण कागद दिसला की बाकीचं जग दिसत नसे. हणमंतमामा शिपाई. देवणीकडचे, त्यामुळे निम्मे सोयरे महाराष्ट्रात, निम्मे कर्नाटकात. आणि मी, म्हणजे मुलांच्या घरी जाऊन चौकशी करायची, रिपोर्ट लिहायचा आणि तो रिपोर्ट कुणी वाचत नाही हे माहीत असून पुढचा लिहायचा, ती बाई.

*

एके दिवशी वरून जाड पाकीट आलं. दक्षिण आशियातल्या सात देशांनी मिळून एक करार केला होता. आपल्या भागातल्या मुलांचे हक्क आणि कल्याण सगळ्यांनी मिळून सांभाळायचं. अठरा वर्षांखालचा प्रत्येक माणूस म्हणजे मूल. सगळं इंग्रजीत.

साहेब गहिवरले. "मॅडम, सात देश! भारत-पाकिस्तान एका कागदावर! हे मराठीत भिंतीवर पाहिजे."

मी तेव्हा आठ दिवस रजेवर होते. साहेबांनी कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडून भाषांतर करून घेतलं आणि पेंटरला दिलं. मी परत आले तर दारासमोरच निळ्या बोर्डावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं: "बालकाचे सर्वोत्तम व्याज हेच आमचे ध्येय."

मूळ इंग्रजीत 'इंटरेस्ट' होतं. म्हणजे हित!

"साहेब, हे काय?"

साहेबांनी चष्मा वर केला, बोर्ड वाचला, खाली केला. "आता नवीन बोर्डाची मंजुरी पुढच्या वर्षीच मिळेल."

तीन आठवड्यांनी चाकूरकडचे एक गृहस्थ भाचीच्या शाळेच्या कामासाठी आले. बाकावर बसून बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिले. मग माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, टक्का किती देताव? पोष्टापेक्षा जास्त हाय का?"

मी काही बोलायच्या आत दाराबाहेरून मामांचा आवाज आला. "पाव्हणं, जास्त हाय. पण पोरगं अठरा वर्सं ठिवावं लागतंय!"

*

त्या कराराचा प्रचार व्हावा म्हणून नांदेडला रॅली निघाली. आम्हालाही बोलावणं होतं. महिना कुठला, तर एप्रिलचा शेवटचा आठवडा. नांदेडचं एप्रिलमधलं ऊन माझ्या माहेरचं आहे, मला चांगलं ठाऊक आहे. संयोजकांना नसावं.

चार शाळांची पोरं सकाळी साडेनऊला मैदानात उभी केली. हातात पुठ्ठ्याच्या पाट्या. 'आम्हाला विश्रांतीचा हक्क आहे.' 'आम्हाला आरोग्याचा हक्क आहे.' पाहुणे यायचे होते साडेदहाला. साडेअकरा झाले, बारा झाले. मंडप होता, पण स्टेजवर. पोरं त्या पाट्या डोक्यावर धरून उभी. कराराचा तेवढा तरी उपयोग झाला!

मी दोनदा संयोजकांकडे गेले. "अहो, मुलांना सावलीत बसवा."

"मॅडम, लाइन बिघडते. फोटोत बरं दिसत नाही."

सव्वाबाराला पहिली पोरगी खाली बसली. मग एक मुलगा. मग तिसरा. मी आणि एक शिक्षिका पाणी घेऊन पळतोय, कुणाच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवतोय. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आत शिरली आणि निवेदकांनी अत्यंत गोड आवाजात माइकवरून सूचना केली: "ज्या विद्यार्थ्यांना चक्कर आलेली आहे, त्यांनी कृपया रांगेने स्टेजच्या मागे जावे. त्यांचे सहभागाचे प्रमाणपत्र त्यांना तिथेच मिळेल!"

*

मुलांना पाहुण्यांपुढं उभं करायची ही हौस मी फार आधीपासून पाहिलेली. भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नव्हते. नांदेडला समाजकार्याचं शिकत होते. आमची बॅच किल्लारीच्या बाजूला एका गावात मदतीला नेली होती. गाव म्हणजे काय, दगडांचे ढीग आणि पलीकडे पत्र्याच्या शेडच्या रांगा. त्यातल्या एका शेडमध्ये मी मुलांना गोळा करून गाणी, गोष्टी, चित्रं असं काही काही घ्यायची.

त्यात कमल होती. नऊ वर्षांची. आई, वडील, धाकटा भाऊ, सगळे एका घरात गेले. ही त्या रात्री आजीकडे होती म्हणून राहिली. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची आणि बोलायला एकदम खडखडीत.

पाहुण्यांच्या गाड्या रोज यायच्या. मनानं वाईट नव्हती माणसं. पण प्रत्येकाला कमललाच भेटायचं असे. कुणीतरी तिला पुढं करायचं, आणि मग तेच. "सांग बाळ, त्या दिवशी काय झालं?" तिनं सांगायचं. ऐकणाऱ्यांनी डोळे पुसायचे.

शेवटी कुणीतरी विचारायचं, "तुला काय पाहिजे, बाळा?"

"चप्पल," कमल म्हणायची.

आणि पुढच्या गाडीतून बाहुली यायची! खोटं नाही सांगत, सात बाहुल्या झाल्या पोरीकडे आणि पाय अनवाणी. पत्र्यांचे तुकडे, खिळे, काचा, सगळीकडे. शेवटी आम्ही मुलींनीच औशाच्या बाजारातून चप्पल आणली. मोठ्या मापाची निघाली, तरी ती पायातून काढेना.

एका दुपारी ती पोरींबरोबर गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळत होती. हरणाऱ्या पोरीला चिडवत, मोठ्यानं हसत. इतक्या दिवसांत मी तिला तसं हसताना पहिल्यांदा पाहत होते. तेवढ्यात एक कॅमेरावाले गृहस्थ आले. वाकून, प्रेमानं म्हणाले, "बाळ, जरा दुःखी हो ना. एकच फोटो."

कमलनं हातातला गजगा न टाकता वर पाहिलं.

"सकाळी आल्तेत त्यांच्यासाठी झाले की! किती येळा व्हायचं?"

*

आता होगबेकुचं सांगते.

शनिवारी दुपारी पोलिसांनी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आणला. बसस्टँडवर एकटा सापडलेला. मराठी येत नाही, हिंदी येत नाही. रडून रडून आवाज बसलेला. बिस्किट दिलं, खाल्लं. पाणी दिलं, प्यायला. काहीही विचारा, दोनच शब्द: "ऊरिगे होगबेकु."

"नाव काय तुझं?"

"ऊरिगे होगबेकु."

"वडिलांचं नाव?"

"ऊरिगे होगबेकु."

साहेबांनी रजिस्टर ओढलं. "लिहा मॅडम. नाव ऊरिगे, आडनाव होगबेकु." मग पेन खाली ठेवून ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला धडकीच भरली. "हे आपल्याकडचं आडनाव नाही. हा परदेशी आहे. मॅडम, करार लागू होतो!"

"साहेब, आधी आजूबाजूच्या तालुक्यांत विचारू."

"तुम्ही फार लोकल विचार करता. नेपाळ नसेल, श्रीलंका वाटतं. सात देशांनी एकमेकांना मदत करायची ठरलंय ना? मग!"

मी तरी काय दिवे लावले? मुलगा कानडी बोलतोय हे माझ्याही डोक्यात आलं नाही. नांदेडकडची मी, तेलुगू असतं तर ओळखलं असतं. त्याला बालगृहात पाठवला आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत बसून साहेबांनी दिल्लीला पाठवायचं दोन पानी पत्र तयार केलं. आयुष्यात इतकं मन लावून लिहिलेलं पत्र मी त्यांच्या हातचं पाहिलं नव्हतं.

हणमंतमामा पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. सोमवारी सकाळी आले. बालगृहाची बाई त्या मुलाला घेऊन बाकावर बसली होती. मामा त्याच्या समोर उकिडवे बसले आणि त्याच्या गालाला हात लावून काहीतरी बोलले. मुलानं एकदम त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि जो बोलत सुटला तो थांबेचना.

मामा त्याला कडेवर घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. मामांना मी साहेबांसमोर आवाज चढवताना तेवढंच पाहिलं.

"सायब, ऊरिगे होगबेकु म्हंजी गावाला जायचंय! कानडी हाय ह्यो. मांजरा नदीच्या पल्याड ह्येचं गाव हाय, आमच्यापासून तासाभराची वाट. उदगीरला बाजारात ह्येच्या मामाचा हात सुटला आन चुकीच्या गाडीत चढलं. दोन दिस झाले, लेकरू एकच गोष्ट सांगून राहिलंय, आन तुमी त्येचं रजिस्टरात नाव लिवून राहिलाव!"

संध्याकाळी बाप आला. दोन दिवस झोपला नसावा. मुलाला छातीशी धरून पायरीवरच बसला. आमची त्याच्याकडे बघायचीही लायकी नव्हती.

रजिस्टरात ते नाव अजून तसंच आहे. मी खोडायला गेले होते. साहेब म्हणाले, "खाडाखोडीला वरिष्ठांची परवानगी लागते."

*

चाकूर तालुक्यातलं एक गाव. मुलांच्या हेल्पलाइनवर फोन आला की आज दुपारी लग्न आहे, मुलगी पंधरा वर्षांची. मी आणि एक कॉन्स्टेबल जीपमधून पोचलो तेव्हा वाजंत्री चालू, पंगत बसलेली, भाताचा वास सुटलेला.

मुलीचे वडील समोर आले. "एकोणीस पुरी झालेत, मॅडम."

शाळेतून येता येता मी दाखल्याची नक्कल घेतली होती. ती दाखवली.

"ते शाळेत घालताना कमी सांगितलंय."

"चार वर्षं कमी? मग पहिलीत दहा वर्षांची होती का?"

मंडपात एक गृहस्थ भगवा फेटा बांधून अक्षता वाटत फिरत होते. ते मध्ये आले. "मॅडम, मी सरपंच. जेवून घ्या अगोदर, मग बोलू."

"सरपंच, गावात बालसंरक्षण समिती आहे ना?"

"हाव, हाय की!"

"अध्यक्ष कोण?"

अक्षतांचं ताट या हातातून त्या हातात गेलं. "...मीच."

दोन तास वादावादी झाली. वरपक्षाकडचे लोक हमरीतुमरीवर आले. कुणी मला म्हणालं, "तुमच्या लेकीचं असं मोडलं असतं तर?" शेवटी कॉन्स्टेबलनं गुन्ह्याचं नाव काढलं तेव्हा लिहून दिलं आणि वऱ्हाड गेलं. मुलीची आई पदरात तोंड लपवून रडत होती. वडील रिकाम्या मंडपात पालथ्या घमेल्यावर बसून म्हणाले, "आता हिला कोण करून घेतंय?" मला राग होता त्यांचा; मी सरळ आत गेले.

मुलगी, मनीषा तिचं नाव, आतल्या खोलीत हळदीच्या साडीत बसली होती. मी शेजारी टेकले. "घाबरू नको. ज्यानं कुणी फोन केला, त्याचं नाव मी विचारत नाही, सांगूही नको."

"मीच केला," ती म्हणाली. "दहावीचे पेपर हायत सोमवारपासून."

"तू? तुझ्याकडे फोन कुठून आला?"

तिनं उशीखालून नवाकोरा मोबाइल काढला.

"नवरदेवानं दिलाय. बोलायला."

*

मग लातुरात क्लासेसचा पूर आला. ज्या बोळात डाळीचा धुरळा उडायचा तिथं फ्लेक्सवर टॉपरचे चेहरे लागले. पहाटे पाचला सायकली सुटायच्या. आमच्या टेबलावर झोप न येणारी, जेवण सोडलेली, हॉस्टेलातून पळून गेलेली मुलं यायला लागली. मी साहेबांच्या मागे लागले. त्यांनी एका मोठ्या क्लासला पत्र धाडलं: मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क आहे, त्याची काय व्यवस्था केली, कळवावे.

उत्तर आठ दिवसांत आलं. जाड कागद, रंगीत लेटरहेड. सोबत वेळापत्रक. त्यात खरंच एक ओळ होती: 'खेळ, सकाळी पाच चाळीस ते पाच पंचेचाळीस.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'पालकांची लेखी संमती आवश्यक.'

किती पालकांनी संमती दिली? एकानंही नाही! एक वडील तर नांदेडहून तक्रार घेऊन आले. स्वतः शाळेत शिक्षक. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं अदबीचं.

"मॅडम, हे खेळाचं तुमच्या ऑफिसनं काढलं म्हणे?"

"हो. पाच मिनिटंच आहेत हो, सर."

"खेळायचंच असतं तर नांदेडला काय मैदानं कमी होती?" त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "रोजची पाच मिनिटं, दोन वर्षं. साठ तास होतात. साठ तास!" चिठ्ठी माझ्यापुढे सरकवून ते अगदी कळवळून म्हणाले, "साठ तासांत केमिस्ट्रीचं अख्खं ऑर्गॅनिक होतं, मॅडम!"

*

पुढं आमचं ऑफिस क्लासच्या भागात हललं. समोरच्या चार मजली इमारतीत नुसत्या खोल्या. एकेका खोलीत एक मुलगा आणि त्याच्यासाठी स्वयंपाक करायला गाव सोडून आलेली आई.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास दारात एक लहान मुलगी उभी राहिली. सात वर्षांची असेल. दोन वेण्या, त्यांना वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी. बापाच्या हाताच्या असाव्यात, एक वेणी वर, एक खाली. आमच्या दारावर पाटी होती, 'हरवलेल्या मुलांसाठी मदत कक्ष.' तिनं ती बोट लावून, एकेक अक्षर जोडत वाचली आणि आत येऊन बाकावर बसली.

मामा घाबरले. एवढ्या रहदारीतून रस्ता ओलांडून आलेली! "काय गं बाळ, हरवलीस का?"

"मी न्हाई हरवले. माझी आई हरवलीय."

मी जवळ गेले. पाणी दिलं. नाव ईश्वरी. दुसरीत. चाकूरकडच्या गावाहून वडिलांबरोबर सकाळच्या ट्रॅक्टरवर आली होती. वडील सोयाबीन विकायला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेले होते.

असल्या वेळी आम्ही हरवल्याचा फॉर्म भरतो. मी तो समोर घेतला. त्यात 'हरवलेल्या बालकाचे नाव' असं छापलेलं. मी 'बालकाचे' या शब्दावर अडखळले. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आता परवानगीचं काढतील. ते म्हणाले, "खोडा तो शब्द. लिहा."

"आईचं नाव?"

"सुनीता."

"कधीपासून हरवलीय?"

तिनं बोटं मोजली. "दादा आठवीत गेला तवापासून."

"आता दादा कितवीत?"

"दहावीत."

"शेवटी कुठं पाहिलीस आईला?"

तिनं खिडकीतून समोरच्या इमारतीकडे हात केला. "तिथं. तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी सकाळी मला तिथंच सोडलंय."

मामांनी तोंड फिरवून उगाच फायली सारख्या केल्या. मी तिचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. जिना अंधारा, प्रत्येक मजल्यावर बंद दारं आणि प्रत्येक दाराआड कुणीतरी पाठ करत असलेलं. तिसऱ्या मजल्यावर तिनं एक दार दाखवलं. मी हळू वाजवलं.

दार बोटभर उघडलं. मग थोडं आणखी. तिशीतली बाई, कपाळावर घाम, दोन्ही हात कणकेनं भरलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, खाली पोरीकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं कणकेचं बोट ओठांवर ठेवलं आणि मागे वळून बघत कुजबुजली, "श्शू... टेस्ट चालू हाय त्येची."

ईश्वरीनं माझा हात ओढला. मी वाकले. ती माझ्या कानात, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, हीच."